पालकाची सही

शाळामास्तराच्या हातून जे अपराध घडतात ते बहुधा नियमाच्या नावाखाली घडतात. काही वर्षांपूर्वी माझ्या हातून असाच एक घडला. पाचवीतल्या एका मुलाचा शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा अर्ज भरावयाचा होता आणि त्याची आई सही करण्यासाठी शाळेत आली होती. मी रजिस्टर उघडले. वडिलांचे नाव होते. ते हयात होते. अमरावतीस राहात होते. मी म्हटले, "बाई, वडील असताना तुमची सही कशी चालेल? त्यांची घेऊन या."

बाईंनी उलट शब्द काढला नाही. "बरं गुरुजी," म्हणाल्या आणि गेल्या. अकोल्याहून अमरावतीच्या त्यांनी दोन खेपा केल्या. पहिल्या खेपेला दार उघडले नाही. दुसऱ्या खेपेला सही मिळाली, पण तोवर मुदत टळली होती. मुलगा हुशार, वर्गात पहिल्या तिघांतला. तो परीक्षेला बसला नाही, एवढेच.

पुढच्याच आठवड्यात त्या बाईंचे वकील शाळेत आले. वय सत्तरीकडे झुकलेले, अंगात उन्हाने विटलेला काळा कोट, हातात कापडी पिशवी. अमरावती आणि अकोला या दोन्ही ठिकाणच्या कौटुंबिक न्यायालयांत त्यांचे येणेजाणे. तेथे वकिलाला पक्षकाराच्या वतीने उभे राहण्याचा हक्क म्हणून नाही, न्यायालयाची परवानगी लागते; १९८४ च्या कायद्याने तशी सोयच करून ठेवली आहे. वकीलसाहेब म्हणत, "मले ते बरं वाटते. आमची वाणी बंद झाली का नवराबायकोले एकमेकाची वाणी आयकू येते." आपले नाव कोठे छापू नये, असा त्यांचा आग्रह असल्यामुळे येथेही ते वकीलसाहेब म्हणूनच राहतील.

मला वाटले होते, ते भांडावयास आले असतील. ते बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "मास्तर, लेकरू म्हंजे काई वावर नोय. सातबाऱ्यावर कोनाचं नाव आहे थे पाहून काम नाई चालत. अन् गंमत अशी, का हे कोर्टाले समजलं थे एका वावराच्याच भांडनातून. आपल्या विदर्भातल्या." एवढे बोलून ते उठले. मला मात्र त्या दिवसापासून चैन पडेना. मी मॅट्रिकपलीकडे शिकलेलो नाही आणि कायद्याचे पुस्तक कधी हातात धरलेले नाही. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची खोड असतेच. मी वाचीत सुटलो. जे सापडले ते वाचकांपुढे ठेवतो. फराळाच्या ताटाशेजारी थोडे कारलेही असावे.

आपल्याकडे मुलाचा विचार कायद्याने प्रथम केला तो त्याच्या धनाच्या निमित्ताने. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजाला आज्ञा आहे की, मूल गुरुगृहाहून परत येईपर्यंत किंवा त्याचे बालपण सरेपर्यंत त्याच्या वाट्याचे द्रव्य राजाने सांभाळावे. द्रव्य सांभाळावे! मूल कोणाच्या कुशीत निजेल, याची चिंता तेथे नाही. एकत्र कुटुंबाच्या घरात ती पडतही नसावी. आजी होती, काकू होती, आत्या होती. इंग्रजांनी १८९० साली पालक आणि पाल्य यांचा कायदा केला आणि त्यात 'मुलाचे हित' हा शब्द आणला. समज आलेल्या मुलाची इच्छा न्यायालयाने विचारात घेण्यास हरकत नाही, असेही त्यात घातले. पण त्याच कायद्याचे एकोणिसावे कलम असे की, बाप जिवंत आहे आणि नालायक ठरलेला नाही, तोवर न्यायालयाने दुसरा पालक नेमू नये. अल्पवयीन बायकोच्या बाबतीत तोच मान तिच्या नवऱ्याला. त्या बाप शब्दाच्या जोडीला 'आई' हा शब्द येण्यास २०१० साल उजाडावे लागले. एकशेवीस वर्षे!

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह होतो. आमचे वऱ्हाड हेच मुळी ताब्याच्या खटल्यातले मूल. १८५३ च्या तहाने निजामाने फौजेच्या खर्चापोटी हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. १९०२ साली कर्झनसाहेबांनी वर्षाला २५ लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने घेतला आणि १९०३ साली मध्यप्रांताला जोडला. पुढे निजामाने आपले लेकरू परत मागून पाहिले, ते मिळाले नाही. १९३६ च्या करारात त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मात्र मिळाली. बापाचे नाव कागदावर, मूल दुसऱ्याच्या घरात आणि वऱ्हाडातल्या माणसाला कोणी विचारलेले नाही. हिंदुस्थानचे कायदेदेखील इथे आपोआप लागू होत नसत, निराळ्या हुकुमाने लावावे लागत. असो.

अशा या मुलखात वकिलीची मोठी परंपरा निपजली. अमरावतीचे रघुनाथ नरसिंह मुधोळकर. ते १९१२ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले. सर मोरोपंत जोशी. आणि या सर्वांत रंगेल, हजरजबाबी, दिलदार असे दादासाहेब खापर्डे, ज्यांना लोक 'वऱ्हाडचे नबाब' म्हणत. १८९७ साली अमरावतीस काँग्रेस भरली तेव्हा स्वागताची धुरा त्यांच्याकडे होती. आणि त्याच वर्षी, म्हणजे १८९७ च्या ऑगस्टात, पुण्यास एक मृत्यू झाला, ज्याने दादासाहेबांना आणि त्यांच्या परममित्राला, लोकमान्य टिळकांना, एका लहान मुलाच्या प्रकरणात गुंतवले.

पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित पटकीने गेले. मरणाच्या दिवशी त्यांनी मृत्युपत्र केले आणि इस्टेटीच्या पंचांत टिळक व खापर्डे यांची नावे घातली. त्यांची पत्नी ताईमहाराज त्या वेळी अगदी कोवळ्या वयाची आणि गर्भवती होती. मृत्युपत्राप्रमाणे मुलगा न झाला, अथवा होऊन न जगला, तर पंचांच्या संमतीने दत्तक घ्यावयाचा होता. १८९८ च्या जानेवारीत मुलगा झाला. दोन महिन्यांच्या आत तो गेला. मग दत्तकाचा शोध सुरू झाला. १९०१ च्या जूनमध्ये मंडळी औरंगाबादेस गेली, तेथे घराण्याच्या निधोने शाखेतला जगन्नाथ नावाचा मुलगा पाहिला आणि त्याला दत्तक घेतले. पुण्यास परतल्यावर ताईमहाराजांचे मन फिरले, किंवा फिरवले गेले. ऑगस्टात त्यांनी कोल्हापूर शाखेतल्या बाळामहाराजांना दत्तक घेतले. एका ओटीत दोन मुलगे!

यापुढचे मराठी वाचकांना टिळकचरित्रातून ठाऊक असते. पुण्याच्या न्यायाधीशाने टिळकांवर ठपका ठेवला. खोटी साक्ष दिल्याबद्दल फौजदारी झाली. १९०३ च्या ऑगस्टात दीड वर्षाची सक्तमजुरी ठोठावली गेली. १९०४ च्या मार्चमध्ये हायकोर्टाने निर्दोष सोडले. दिवाणी दावा त्याहून लांबला. १९०६ साली निकाल जगन्नाथाच्या बाजूने, १९१० साली मुंबई हायकोर्टात विरुद्ध, आणि अखेर १९१५ च्या मार्चमध्ये विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलात पुन्हा बाजूने. टिळक मधली सहा वर्षे मंडालेस होते. एवढा सोसूनही मित्राला मरणशय्येवर दिलेला शब्द त्यांनी पाळला, याचे कौतुक आपण सारे करतो आणि ते करावेच.

पण मी हे सारे या खेपेस वाचले ते एका निराळ्या माणसाला शोधीत. जगन्नाथ कोठे आहे? कज्जात त्याचे नाव ओळीओळीला येते. त्याला दिले की नाही, घेतले की नाही, विधी पुरा झाला की अर्धा, यावर साक्षीदारांची रांग लागली. तो स्वतः मात्र कोठेच बोलत नाही. आईबापांच्या घरातून उचलून मोठ्या माणसांच्या सभेत आणलेला मुलगा, ज्याला सांगितले गेले की आजपासून तुझी आई ही. आणि दोनच महिन्यांत त्या आईने दुसरा मुलगा मांडीवर घेतला. १९०३ च्या सप्टेंबरात ताईमहाराज वारल्या. तेव्हा या नव्या आईशी त्याचे नाते जे काय जुळावयाचे तेही संपले. चौदा वर्षांनी विलायतेतून कळले की तू खरोखरच त्यांचा मुलगा होतास. टिळकांना किंवा दादासाहेबांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. ते दोघे शब्दाचे पक्के होते. त्या काळचा कायदा त्यांना जे विचारीत होता त्याचेच उत्तर ते देत होते, आणि कायदा इस्टेटीचा वारस विचारीत होता.

नवल असे की, याच प्रिव्ही कौन्सिलाने एक वर्ष आधी, १९१४ साली, दुसऱ्या एका खटल्यात निराळी गोष्ट विचारली होती. मद्रासकडच्या नारायणय्या नावाच्या थिऑसॉफिस्ट गृहस्थाने १९१० साली आपली दोन मुले डॉ. अॅनी बेझंट यांच्या पालकत्वाखाली दिली. थोरला जे. कृष्णमूर्ती, पुढे जगप्रसिद्ध झालेले तेच. बाईंनी मुलांना विलायतेस शिकावयास ठेवले आणि बापाने मुले परत मिळावीत म्हणून दावा लावला. मद्रासेस बाप जिंकला. प्रिव्ही कौन्सिलाने तो निकाल फिरवला. बापाला पालकत्व कायमचे दान करून टाकता येत नाही, कारण ती पवित्र ठेव आहे, हे त्यांनी मान्य केले. पण मुले विलायतेत, दावा मद्रासेत आणि त्या मुलांना काय हवे हे कोणी विचारलेलेच नाही, असे म्हणून त्यांनी दावा काढून टाकला. ज्या बाईंनी हा खटला लढवला, त्यांची स्वतःची मुलगी १८७८ साली विलायतेतल्या न्यायालयाने त्यांच्यापासून काढून बापाला दिली होती, का तर आई नास्तिक आणि तिने संततिनियमनाचे पुस्तक छापले! ते दुःख त्यांच्या मनात किती खोल होते कोण जाणे. १९१६ साली टिळकांनी आणि बेझंटबाईंनी होमरूलची चळवळ उभारली, तेव्हा दोघांच्याही गाठीशी एकेका परक्या मुलाचा खटला होता, ही गोष्ट कोणी बोलून दाखवली असेल का?

'ठेव' हा शब्द वकीलसाहेबांच्या फार आवडीचा. मालकी आणि ठेव यांतला फरक ते पक्षकाराला समजावीत बसतात. कोणी बाप मुलाचा ताबा मागावयास आला की ते फीची गोष्ट काढीत नाहीत. विचारतात, पोरगं कितवीत आहे? वर्गाच्या बाई कोण? ताप आला तर काय खातं? एका गृहस्थाने मुलगी तिसरीत आहे म्हणून सांगितले. ती पाचवीत होती. वकीलसाहेबांनी कागद परत केले आणि म्हणाले, "आधी दोन वर्ग शोधून आना, मंग पाहू." आईलाही ते हेच प्रश्न विचारतात. आणि एक अट त्यांची ठाम असते, की मुलाला काही पढवावयाचे नाही. बाप वाईट आहे असे सांग, आई मारते असे सांग, अशी घोकंपट्टी करून मूल न्यायाधीशापुढे उभे केले, तर त्याच दिवशी ते काम सोडतात.

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालेले नाही. एकदा, पाऊस होता म्हणून ते आमच्या घरी थांबले, तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितले. वकिलीची पहिली वर्षे. बापाच्या बाजूने खटला, मुलगी सहा वर्षांची. कायद्यात पाच वर्षांपर्यंतचे मूल सामान्यतः आईजवळ, म्हणून लिहिलेले. हे सहावे. वकीलसाहेबांनी त्या एका वर्षावर सारा जोर दिला आणि ते जिंकले. कोर्टाच्या व्हरांड्यात मुलगी आईच्या पदराला धरून राहिली. पदर सुटेना, तेव्हा कोणीतरी तिची बोटे एकेक करून सोडवली. "थे कोन सोडोली, आठोते मास्तर? मीनंच." त्यानंतर ते बराच वेळ पावसाकडे पाहात बसले. माझ्या बायकोने चहा पुढे केला, तो निवून गेला.

ते पाच वर्षांचे कलम १९५६ च्या कायद्यातले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिल संसदेत लढवले, त्यात पालकत्वाचेही प्रकरण होते. ते बिल रेंगाळत ठेवले गेले आणि १९५१ च्या सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे त्याचे तुकडे करून चार कायदे झाले. ते संसदेत मांडून नेण्याचे काम पुष्कळसे हरि विनायक पाटसकर या मराठी गृहस्थांनी केले. त्यांतला अज्ञानत्व आणि पालकत्वाचा कायदा २५ ऑगस्ट १९५६ पासून लागू झाला. त्याचे तेरावे कलम मुलाचे हित सर्वांत वरचे मानते. पण सहावे कलम म्हणते की नैसर्गिक पालक बाप, 'आणि त्याच्यानंतर' आई. सारी मेख त्या 'नंतर' मध्ये. नंतर म्हणजे केव्हा? मेल्यानंतर? मीही त्या दिवशी शाळेत तोच अर्थ घेतला होता. बाप जिवंत, मग आई कोण?

आता ते वावर. खटला 'जिजाबाई विठ्ठलराव गजरे विरुद्ध पठाणखान' या नावाने कायद्याच्या ग्रंथांत आहे. ताब्याचा नव्हेच, विदर्भाच्या कूळकायद्याखालचा. आई आणि बाप वीस वर्षांहून अधिक काळ वेगळे राहात होते. मुलगी आईजवळ. मुलीच्या नावावर जमीन; तिचा सारा कारभार आई पाही आणि १९५१ पासून ती जमीन कुळाला लावून देत आलेली. पुढे वाद उभा राहिला तेव्हा प्रश्न असा निघाला की बाप हयात असताना आईला मुलीची जमीन लावून देण्याचा अधिकार तरी होता का? नसेल तर ते कूळच खोटे. जमिनीचा प्रश्न, पण त्याच्या तळाशी शाळेच्या रजिस्टरातलाच प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली सांगितले की बाप जिवंत असला तरी मुलीच्या कारभारात त्याने लक्षच घातलेले नाही. तिच्यापुरता तो असून नसल्यासारखा. तेव्हा या परिस्थितीत आईच नैसर्गिक पालक.

हे वाचले तेव्हा मला कोण जाणे का, ती आई डोळ्यांसमोर आली. कोर्टात ती आपल्या मानासाठी गेलेली नव्हती. वर्षानुवर्षे तिने मक्ता ठरवला असेल, कुळाशी बोलणी केली असतील, पावसाने दगा दिला त्या वर्षी वाट पाहिली असेल आणि मुलीला वाढवले असेल. तिने केले ते आधी, कायद्याने मान दिला तो मागाहून.

त्या निकालाचे पुढे मोठे काम झाले. १९८४ साली लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या लहान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी अर्ज केला. पालक म्हणून आईची सही. बँकेने म्हटले, वडिलांची आणा. (वाचताना मला घाम फुटला, हे कबूल करतो.) त्यांचे घर मोडलेले नव्हते; नवराबायकोने मिळून ठरवले होते की या व्यवहारात आईने सही करावी. त्या थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी निकाल लागला की 'नंतर' म्हणजे केवळ मरणानंतर नव्हे. बापाच्या गैरहजेरीत, मग ती गैरहजेरी अंतराची असो, बेपर्वाईची असो, आजाराची असो वा दोघांच्या संमतीची असो, आई पालक. आणि या निकालात आधाराला घेतला होता तो आपला विदर्भाच्या वावराचा खटला. मधल्या काळात, १९७३ साली, त्याच न्यायालयाने मुले म्हणजे आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत, असे बजावले होतेच. वकीलसाहेब ते आपल्या भाषेत सांगत होते.

म्हणजे माझ्या टेबलावर ती बाई उभी होती, तेव्हा कायदा तिच्या बाजूला कितीतरी वर्षे उभा होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. महाराष्ट्र शासनाने आता १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, असा क्रम ठरवून दिला आहे. ती मुले आमच्या शाळेत येतील तेव्हा मास्तरांची एक पंचाईत तरी कमी होईल. मी त्या बाईंची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या गुरुजी, आठवीत पुन्हा परीक्षा असते." मुलगा काही म्हणाला नाही.

त्याच्या आईबापांचा तंटा पुढे समुपदेशकांपुढे बसून मिटला. म्हणजे नवराबायकोचे तुटले ते तुटलेच, मुलापुरते ठरले. दिवाळीच्या सुटीचा पहिला अर्धा एकाकडे, दुसरा अर्धा दुसऱ्याकडे, पुढच्या वर्षी उलट. देवघेव मूर्तिजापूरच्या स्टेशनावर, कारण ते अकोला आणि बडनेरा यांच्या साधारण मध्यावर पडते आणि कोणालाच कोणाच्या दारात जावे लागत नाही. वकीलसाहेबांनी त्यात आपली एक युक्ती घातली. मुलाच्या दप्तरात एक शंभरपानी वही. तीत तारीख, मुलाला काय औषध चालू आहे, अभ्यास कोठवर आला, आणि शेवटी देणाऱ्याची व घेणाऱ्याची सही. भांडण लिहावयाचे नाही. मी ती वही चाळून पाहिली आहे. पहिली पाने तारेसारखी कोरडी. पुढे पुढे एखादी ओळ जास्त: 'सायकलवरून पडला, गुडघा पाहा.' 'चिवड्यात शेंगदाणे घातले नाहीत.'

गेल्या दिवाळीत बाई तापाने पडल्या आणि मुलाला मूर्तिजापूरपर्यंत पोहोचवण्याचे माझ्याकडे आले. पूर्वी याच स्टेशनावरून शकुंतला सुटत असे, यवतमाळला आणि अचलपूरला. आता ती धावत नाही, तिची गोष्ट मी वाटेत त्याला सांगितली. त्याने अर्धी ऐकली. फलाटावर वडील आधीच येऊन उभे होते, हातात पिशवी घेऊन. मला पाहून ते जरा गोंधळले. मुलाने डबा त्यांच्या हातात दिला. "अनारसे आहेत," तो म्हणाला, "आईनं तापात केले." त्यांनी डबा दोन्ही हातांनी धरला.

मग मुलाने दप्तरातून वही काढली, पान उघडले, तारीख स्वतःच घातली आणि पेन माझ्यापुढे केले.

"इथं, सर. देणाऱ्याच्या खाली."

मी सही केली. बडनेऱ्याकडची गाडी लागतच होती.